फक्कीने आखलेली बाग

घराला बाग करून द्यायला भरवशाचा माणूस कसा निवडावा, असं हल्ली मला लोक विचारतात. मी त्यातला जाणकार नव्हे. पण आमच्या परसात येऊन बसलेला प्रत्येक जण इकडेतिकडे बघतो आणि विचारतोच. उत्तर द्यायचं तर शिट्टीबाईंची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला लागलो की पाहुण्याचा चहा गार होतो. तेव्हा एकदाची लिहूनच टाकतो.

गोष्ट तुतीच्या झाडापासून सुरू होते. हे घर घेताना आमच्या सौभाग्यवतींनी खोल्या पाहिल्याच नव्हत्या. मागचं दार उघडलं, परसाच्या टोकाला ती म्हातारी तुती छत्रीसारखी पसरलेली दिसली आणि म्हणाल्या, "घ्या." मी म्हणालो, "अगं, स्वयंपाकघर तरी बघ." त्या म्हणाल्या, "ते बांधता येतं. हे येतं का?" झालं. तेव्हापासून भाजी निवडणं, पेपर वाचणं, पाखरांशी भांडणं, सगळं तुतीखाली. मला शोधायचं तर घरात हुडकावं लागे, त्यांना शोधायला कुणाला कधी कष्ट पडले नाहीत.

आमचं परस मात्र सरळ नाही. मागच्या दाराला पायऱ्या, आणि तिथून जमीन तुतीकडे घसरत जाते. त्याच घसरणीवर एके सकाळी आमची ही तुतींनी भरलेली वाटी हातात घेऊन पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाताशी वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, चाला. घरात ती चालायची, खोलीतून खोलीत. पण मागच्या दाराच्या उंबऱ्याशी आली की वॉकर आपोआप वळायचा. पायाला काही झालं नव्हतं आता. पण त्या उतारानं तिच्या मनातच घर केलं होतं. खिडकीशी खुर्ची टाकून ती तासन्‌तास झाडाकडे बघत बसे. परदेशी गेलेल्या लेकाचा फोटो बघावा तशी.

सूनबाईंना ते बघवेना. माझी सूनबाई बँकेत आहे, बोलायला कडक, आत मेणासारखी. ती माझ्या मुलाला म्हणाली, "मला काही माहीत नाही. आईंना एकट्यानं झाडापर्यंत जाता आलं पाहिजे. कुणाचा हात न धरता. बाग वगैरे नंतर." तेव्हा आमची कंत्राटदारांची पारख सुरू झाली.

पहिला आला तो हातात टॅब घेऊन. बूट असे चकचकीत की त्यात आमच्या छपराचं प्रतिबिंब दिसावं. दारातच उभं राहून त्यानं परसाचा फोटो काढला, आणि फोटोवरून बोट फिरवून तुती पुसून टाकली! मी या डोळ्यांनी पाहिलं. एवढं मोठं झाड, एका बोटानं गेलं. त्या जागी त्यानं लाकडी मांडव उभा केला, खाली खुर्च्या. "बघा, किती मोकळं वाटतंय! सावलीच हवी ना काकूंना? दाराशीच करून देतो."

खिडकीतून आवाज आला, "त्याला म्हणावं, तसंच बोट आपल्या तोंडावरून फिरव."

तो गेला. दुसरा आला तो भरावाचा माणूस. त्याला कशाचीच अडचण दिसत नव्हती. "ट्रकनं माती आणू, दारापासून कुंपणापर्यंत सगळं सपाट! वॉकर काय, क्रिकेट खेळा." मी विचारलं, "आणि झाडाचा बुंधा?" म्हणाला, "कमरेएवढी माती चढेल. झाडच आहे हो आजोबा, त्याला काय होतंय?"

आता मला गप्प राहता येईना. आमच्या खेड्यातल्या शाळेपुढे एक मोठं झाड होतं. एका हेडमास्तरांना वाटलं, भोवती माती चढवून ऐसपैस ओटा करू, पोरं बसतील. केला. पोरं बसली. झाड मात्र वरून वाळत वाळत आलं, आणि आम्ही चौथीतून बाहेर पडेपर्यंत ओटा होता आणि सावली नव्हती. उन्हात तापलेल्या ओट्यावर कोण बसतो? ही गोष्ट मी त्या माणसाला पूर्ण सांगितली. तो घड्याळ बघत होता. त्यावरूनच मी ओळखलं, हा आपला माणूस नव्हे.

मग मी बायकोची औषधं आणायला गेलो. औषधवाल्याच्या दुकानापुढे दोन हातांचा एक वाफा आहे. रस्त्याची धूळ, गाड्यांचा धूर, लोक त्यात काड्या टाकतात, आणि तरी तो वाफा कायम हिरवागार. रोज बघत होतो, पण त्या दिवशी विचारलं, "हे कुणी केलं हो?"

"शिट्टीबाईंनी. झाली की पुष्कळ वर्षं." मग गोळ्या पिशवीत घालता घालता आवाज खाली आणून म्हणाला, "पण आजोबा, जपून. ओरडतात."

मुलानं फोन केला तर बाई म्हणाल्या, "आधी माझी जुनी कामं बघून या, मग बोलवा. नवीन दाखवणार नाही. नवीन बागेला सगळेच छान म्हणतात." आणि जवळचाच एक पत्ता दिला. गेलो दोघं. तिथे रेल्वेचे एक निवृत्त इंजिनचालक राहत होते. दार उघडलं आणि नाव काढताच त्यांनी तक्रारींची गाडीच सोडली. "ती बाई? फार भांडखोर! मला म्हणाली, हौद करायचा नाही. मी म्हटलं, पैसे माझे. तर म्हणे, डास पण तुमचेच होतील. दरवर्षी येते, न बोलावता! माझ्या झाडांच्या अंगावरून हात फिरवते आणि मलाच रागावते. माझ्याच घरात!"

आम्ही बागेत उभे होतो. वेलींनी भिंत अशी धरली होती की भिंत कुठे आहे ते विसरायला व्हावं. पायाखालचा एकही दगड हलत नव्हता. मुलानं भीतभीत विचारलं, "मग पुन्हा काम निघालं तर त्यांनाच द्याल का?"

चालकसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की याला शिकवलं कुणी. "मग काय दुसऱ्या कुणाला देऊ?"

दुसऱ्या दिवशी शिट्टीबाई आल्या. धिप्पाड बांधा, कॅनव्हासची टोपी, गळ्यात दोरीला शिट्टी. टेम्पोतून उतरल्या त्या परसाकडे न बघता सरळ विचारत्या झाल्या, "या घरातलं कोण सगळ्यात कमी बाहेर येतं?"

आम्ही तिघांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

त्या आत गेल्या. आमच्या हिच्या शेजारी पलंगाच्या काठावर बसल्या आणि तिथून, खिडकीतून, पहिल्यांदा परस पाहिलं. मग बाई म्हणाल्या, "काकू, ती तुती तुम्हाला हाका मारते की हो."

"मारते ना. पण उतार ओरडतो तिच्यापेक्षा मोठ्यानं."

"उताराला मी बघते. माझ्यापेक्षा मोठ्यानं कोण ओरडतंय इथं!" आणि हसल्या अशा की पाखरं उडाली.

मी तेव्हाच मुलाच्या कानात म्हणालो, "हीच." त्यानं विचारलं, "का?" मला सांगता येईना. आता येतं. आधीचे दोघे दारात उभे राहून आमच्या जमिनीकडे बघत होते. ही बाई खिडकीतून बघत होती.

चहा घेताना त्यांनी आपली कहाणी सांगितली, म्हणजे आम्ही विचारली नव्हती. एका शाळेत त्या खेळाच्या बाई होत्या. मैदान आखायचं, शर्यती लावायच्या, शिट्टी फुंकायची. मग शाळेनं मैदानावर इमारत उठवली. "मला म्हणाले, तुम्ही राहा, वर्गात बसून खेळाचे नियम शिकवा. मी म्हटलं, पोहायला फळ्यावर शिकवू का?" राहिल्या नाहीत. निघताना फक्कीचं एक पोतं तेवढं मागून घेतलं. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी भुकटी. ते पोतं घेऊन त्या बहिणीकडे राहायला गेल्या, आणि तिच्या ओसाड परसात वेळ जाईना म्हणून बाग आखत बसल्या. तीच पहिली. त्यांच्या हाताखालचे दोघेही त्यांचेच जुने विद्यार्थी, आता बायकापोरांचे धनी झालेले. एक लांब उडीवाला, त्याला खड्डे खणायला आवडतं. दुसरा प्रत्येक शर्यतीत शेवटचा. "फरशी बसवावी तर यानंच," बाई म्हणाल्या, "जन्मात कधी घाई केली नाही पठ्ठ्यानं." तो पठ्ठ्या शांतपणे बिस्किट बुडवत होता. घाई न करता.

आणि आता ऐका त्यांची पद्धत. कुदळ नाही, फावडं नाही, आधी फक्की! अख्खी बाग त्यांनी जमिनीवर पूर्ण मापाची आखली. इथे वाफा, इथे बाक, इथे पाण्याचा चर, आणि दारापासून तुतीपर्यंत फिरत फिरत जाणारी रुंद वाट. सरळ नेली तर उतार अंगावर येतो, वळण देत नेली की तो कळेनासा होतो. गवंडी लावतात तशी पाण्याची नळी लावून पातळी घेतली, नळ सोडून पाणी कुठे पळतं ते पाहिलं, आणि शिट्टीच्या तालावर दोघांनी रेघा ओढल्या. छोटी शिट्टी म्हणजे पुढे. दोन म्हणजे थांब. लांबलचक म्हणजे पूस आणि पुन्हा काढ. वाटेपुरती जमीन चोपून घट्ट केली, पायऱ्यांवर फळ्यांचा उतार टाकला. मग बाई म्हणाल्या, "आता आठवडाभर यात राहा. बाग झालीय असं समजून वागा. जिथे पाय अडेल तिथे मला सांगा. फक्की पुसता येते, काँक्रीट नाही."

मी तर हरखूनच गेलो. आमच्या खेड्यातल्या शाळेत नकाशा नव्हता, तेव्हा गुरुजी अंगणात काठीनं देश काढायचे. आम्ही नद्या उडी मारून ओलांडायचो, आणि एकदा एका पोराचा पाय समुद्रात पडला तर गुरुजींनी खरोखर त्याला पाय झटकायला लावले होते. तेच पुन्हा समोर! मुलगा फोनवर बोलत बाहेर आला तो नसलेल्या फुलझाडांना वळसा घालून गेला. पार्सल घेऊन आलेला माणूस रेघेबाहेर थांबून म्हणाला, "आत येऊ का?" आणि मी, या वयात, वाफा उडी मारून ओलांडला. सूनबाई ओरडली, "बाबा! आता तुम्ही पण पडा!"

पण ज्या एका माणसासाठी हे चाललं होतं, त्याचं काय?

पहिल्या दिवशी हिनं साफ नकार दिला. "पोरांनी लंगडी खेळायला आखलंय की काय? मी नाही येत." दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर उभी राहिली. मग एकदा, सूनबाईंचा हात कोपराशी धरून, फळ्यांवरून खाली उतरली. आम्ही श्वास धरून. वॉकर टेकत टेकत ती वाटेवरून निघाली, उजवीकडच्या भिंतीशी पहिल्या वळणापर्यंत गेली, आणि थांबली. "बास. परत."

दुसऱ्या दिवशी तिथेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथेच. जमिनीवर वॉकरच्या पायांचे गोल ठसे त्याच जागी दाट झाले. सूनबाईंचा धीर सुटला. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "बाबा, नाही जमणार हो त्यांना. त्या टॅबवाल्याला बोलवूया का? दाराशी मांडव तर मांडव." तिकडे खिडकीतल्या खुर्चीनं सगळं ऐकलं असावं. त्या दिवशी खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती.

शिट्टीबाई आल्या. सूनबाईंनी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. वाटेवर गेल्या, त्या दाट ठशांशी उकिडव्या बसल्या आणि बघत राहिल्या. मग आत जाऊन खुर्चीपुढे जमिनीवरच बसकण मारली.

"काकू, तिथेच का थांबता? पाय दुखतो?"

"नाही."

"उतार वाटतो?"

"उतार कुठला? सपाटच वाटतं."

"मग?"

आमची ही चिडून म्हणाली, "अगं, तिथून झाड दिसत नाही! समोर ती भिंत येते. भिंतीकडे कशाला चालू मी? भिंतीशी माझं काय काम?"

इतके दिवस आम्ही तिचे पाय बघत होतो, वॉकर बघत होतो, जमीन बघत होतो. डोळे कुठे लागलेत हे कुणी पाहिलंच नव्हतं.

शिट्टीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी खेळाची बाई म्हणवते! शेवटची दोरी दिसली नाही तर पोर धावतं का कधी? शर्यतीच्या टोकाची दोरी मी आयुष्यभर बांधली, आणि इथे काकूंच्या डोळ्याआड ठेवली!" तशाच बाहेर गेल्या आणि अशी लांबलचक शिट्टी फुंकली की शेवटचा येणारा तोसुद्धा धावत आला. पायानंच वाट पुसली. "डावीकडून घ्या! झाड कायम समोर!"

आणि डावीकडे काय होतं? सूनबाईंचे कपडे वाळत घालायचे खांब. आता हे सांगायला हवं की वाट उजवीकडे गेली होती ती या खांबांमुळेच. पहिल्याच दिवशी सूनबाईंनी बजावलं होतं, "बाकी काही करा, माझी कपड्यांची दोरी हलणार नाही. परसात ऊन तिथेच येतं." तुतीवरच्या पाखरांनी पांढऱ्या चादरी जांभळ्या करून ठेवल्या तरी तिनं ती जागा सोडली नव्हती. बाई भांडायच्या, पण त्या बाबतीत त्यांनीही माघार घेतली होती.

सगळे सूनबाईंकडे बघायला लागले. ती मात्र कुणाकडे बघत नव्हती. दोरीवरचे ओले कपडे भराभरा काढले, खांद्यावर टाकले, आणि लांब उडीवाल्याला म्हणाली, "उपटा खांब."

"अगं, कपडे?" मुलगा म्हणाला.

"गच्चीत वाळतील. आई गच्चीत येणार आहेत का?"

माझ्या पिढीत असं कुणी बोलत नसे आणि असं कुणी करतही नसे. बघतच राहिलो तिच्याकडे, खांद्यावरच्या चादरीतून पाणी गळतंय, बँकेचे कपडे भिजतायत, तिला भान नाही.

नवी रेघ पडली. जमीन चोपली. ऊन उतरायला लागलं होतं. ही उंबऱ्याशी आली, समोर पाहिलं. तुती. दोन पावलं, पुन्हा पाहिलं. तुती. वाट वळली तरी तुती समोर, फक्त थोडी मोठी झालेली. सूनबाई कोपर धरायला पुढे झाली तर ही म्हणाली, "राहू दे. मला मध्ये कुणी नको." वॉकर टेकायचा, पाऊल पडायचं, वॉकर टेकायचा. पांढऱ्या रेघांच्या मधून माझी बायको एकटी चालली होती, नसलेल्या फुलांच्या मधून, आणि मी शपथेवर सांगतो, मला ती फुलं दिसत होती.

तिनं हात लांब करून बुंध्याला टेकवला. आणि तशीच उभी राहिली.

शिट्टीबाईंच्या ओठांत शिट्टी होती. फुंकली नाही. टोपी काढून हातात घेतली होती त्यांनी.

पुढचं काम म्हणजे त्या रेघांवर फरशी चढवणं. ते शेवटच्या पठ्ठ्यानं आपल्या चालीनं केलं, वाटेच्या कडेला धरायला लाकडी दांडा बसवला, आणि तुतीचा बुंधा होता तसा उघडा ठेवला, मातीचा कणही चढवला नाही. बसायला बाक केला तो चार पायांवर, मुळांना न दुखवता. काम संपल्यावर बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून हिच्या गळ्यात घातली. "झाडाखालून हाक ऐकू जात नाही, काकू. काही लागलं तर फुंका." मला भरून आलं, मी म्हणालो, "अहो, तुमची आयुष्यभराची शिट्टी!" त्या म्हणाल्या, "कसली आयुष्यभराची! घरी डबाभर आहेत."

दरवर्षी येतात, न बोलावता. तुतीच्या अंगावरून हात फिरवतात आणि मला रागावतात. मी चालकसाहेबांसारखाच सगळ्यांकडे तक्रार करतो.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: जो माणूस आधी खिडकीशी जाऊन बसेल आणि आपलीच रेघ आपल्या पायानं पुसेल, त्याला काम द्या. आता थांबतो. तुतीखालून दोन शिट्ट्या आल्या. बाईंच्या भाषेत दोन म्हणजे थांब, आमच्या हिच्या भाषेत दोन म्हणजे चहा. पुन्हा आल्या. आलो गं!